चौदा महिने लिनक्स मिंटवर, छापखान्याच्या दारापर्यंत

विंडोज सोडून लिनक्स मिंट या मोफत, खुल्या संगणक प्रणालीवर मी आले, त्याचं हे परीक्षण. आधी माझं काम सांगते. ते कळल्याशिवाय हे परीक्षण तुमच्या उपयोगाचं आहे की नाही, ते तुम्हाला ठरवता येणार नाही. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि बहुतेक वेळा त्याच पुस्तकांची पानंही लावते. अधूनमधून गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करते. प्रोग्रॅमिंगशी माझा संबंध शून्य. वय बावन्न. घरात संगणकाचं काही बिघडलं की ‘बंद करून परत चालू कर’ या एका मंत्रावर मी वीस वर्षं काढली आहेत.

लॅपटॉप २०१६ चा आहे, सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल लागतो, म्हणजे माझा त्यात बसत नव्हता. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे बरंच आधी जाहीर झालं होतं. पण खरं कारण ते नव्हे. चित्रांचं आणि पानं लावण्याचं जे सॉफ्टवेअर मी वापरत होते ते दरमहा भाडं भरून वापरायचं. एका महिन्यात बँकेचं कार्ड बदललं, हप्ता चुकला, आणि माझ्याच पुस्तकाची माझीच फाइल मला उघडता येईना. कार्ड दुरुस्त केलं, दोन तासांत सगळं सुरळीत झालं. पण ते दोन तास डोक्यातून जाईनात. घर माझं, कपाट माझं, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

भाचा म्हणाला, “मावशी, लिनक्स मिंट आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघ. तुझं काही पुसलं जात नाही.” लिनक्सची ही सोय मला आजही सगळ्यात सभ्य वाटते. पेन ड्राइव्हवर मिंट टाकायचं, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि आत जाऊन हिंडायचं. आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, पेनाने चित्र काढायचा टॅब्लेट चालतो का, सगळं तपासायचं. नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा, जुनं सगळं जागच्या जागी असतं.

लिनक्सच्या असंख्य आवृत्त्यांमधून मिंटच का, तर भाच्याने दिलं म्हणून. नंतर वाचलं त्यावरून त्याची निवड बरोबर होती असं वाटतं. मिंट २००६ पासून आहे, उबुंटू या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीच्या पायावर उभं आहे, आणि त्याचा सिनॅमन नावाचा डेस्कटॉप दिसायला ओळखीचा आहे: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. अपडेट कधी घ्यायचं ते मी ठरवते. माझ्या कामाच्या मध्ये येऊन ते स्वतःहून लॅपटॉप बंद करत नाही.

आता पहिल्या दिवसाची रड. मिंट बसवलं आणि वायफाय गायब. पेन ड्राइव्हवरून चालवलं तेव्हा मी घाईघाईत केबलवरच इंटरनेट बघितलं होतं, वायफाय तपासलंच नव्हतं. माझ्या लॅपटॉपमधल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम, खुला नाही, त्यामुळे तो वेगळा उतरवावा लागतो. उतरवायला इंटरनेट हवं, आणि तोवर राउटर शेजारच्या खोलीत आणि केबल आखूड. शेवटी फोन यूएसबीने जोडला, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, एक खूण केली, परत सुरू केलं. एकूण दहा मिनिटं, पण त्याआधी दीड तास मी भिंतीकडे बघत बसले होते. तुम्ही पेन ड्राइव्हवरून बघाल तेव्हा सगळ्यात आधी वायफाय बघा.

दुसरी गंमत टॅब्लेटची. माझ्या ग्राफिक्स टॅब्लेटचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असल्यामुळे वायर जोडताच पेन चालू, दाबही बरोबर. पण मी वर्तुळ काढलं की आडवं अंडं उमटायचं. मला वाटलं हात गेला. कारण साधं निघालं: लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला होता आणि टॅब्लेटचा पृष्ठभाग दोन्ही पडद्यांवर मिळून ताणला गेला होता. सेटिंगमध्ये ग्राफिक्स टॅब्लेटच्या पानावर तो एकाच मॉनिटरला बांधला आणि वर्तुळ गोल झालं.

रोजच्या कामाचं थोडक्यात उरकते, कारण तिथे सांगण्यासारखं फार नाही आणि हीच त्याची स्तुती. फायरफॉक्स, मेल, व्हीएलसी, बँकेची कामं, व्हिडिओ कॉल, सगळं होतं. प्रिंटर मी काहीही न बसवता दिसला. लॅपटॉप आधीपेक्षा कितीतरी चपळ झाला, पण त्यातलं अर्धं श्रेय त्याच वेळी बदललेल्या एसएसडीचं आहे. जुन्या हार्ड डिस्कवर मिंट टाकून चमत्काराची वाट बघू नका.

वर्डच्या जागी येणाऱ्या लिब्रेऑफिसवर मात्र जरा थांबते. संपादकांकडून येणाऱ्या वर्डच्या फाइली त्यात उघडतात, दुरुस्त्यांच्या खुणा इकडून तिकडे नीट जातात. पण एकदा ३८ पानांचं हस्तलिखित माझ्याकडे ४० पानांचं दिसलं आणि फोनवर ‘पान २१ वरची ओळ’ यावरून आमचं चांगलंच त्रांगडं झालं. दोष फाँटचा होता. इंग्रजी मजकुराला प्रश्न नव्हता, कारण कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो येतो आणि त्याची अक्षरं तेवढीच रुंद असतात, ओळी हलत नाहीत. मराठीचा त्यांचा फाँट माझ्याकडे नव्हताच, म्हणून दुसरा आला आणि मजकूर पसरला. तेव्हापासून संपादक आणि मी, आम्ही दोघीही मुक्ता हा फाँट वापरतो. तो खुल्या परवान्याचा आहे, कुठल्याही सिस्टीमवर बसतो आणि पुस्तकात छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि रोमन लिपीचा फाँट वेगवेगळे ठरवावे लागतात, हे मला कळायला आठवडा गेला. मजकुराची भाषाही ‘मराठी’ अशी लावून घ्या. ज्या फाँटमध्ये सोय केलेली आहे, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे दिसायला लागतात. एरवी ते हिंदी वळणाचे उमटतात आणि पहिलीच्या मुलाचे पालक लगेच बोट ठेवतात. टंकलेखनाला मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरते. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग हलन्त, मग य. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक पडद्यावर आणि कागदावर शाबूत राहतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फाइली मात्र इथेही रोमन अक्षरांची खिचडी म्हणूनच उघडतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. ते दुखणं लिनक्सचं नाही, आपलं आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. क्रिता.

क्रिता हे चित्रकारांनी मागून मागून घडवून घेतलेलं सॉफ्टवेअर आहे, आणि ते पहिल्या तासात कळतं. उजवं बटण दाबलं की पेनाच्या टोकाशीच रंगांचं चक्र आणि आवडते ब्रश गोल मांडून येतात. हात कागदावरून उचलावा लागत नाही. एम दाबलं की चित्र आरशासारखं उलटतं. चेहऱ्याचा एक डोळा वर गेलेला असेल तर तो त्या क्षणी ओरडून सांगतो. डब्ल्यू दाबलं की चित्राच्या चारही कडा एकमेकींना जोडल्या जातात. मुखपृष्ठाच्या आतल्या पानासाठी पाखरांची नक्षी मी अशीच काढली. उजव्या कडेतून बाहेर पडलेली शेपटी डावीकडून आत येते, सांधा शोधून सापडत नाही. हात थरथरतो त्यांच्यासाठी रेघ स्थिर करण्याची सोय आहे. मला तिची गरज नाही असं मी म्हणत असे. आता लावते.

जुनं भाड्याचं सॉफ्टवेअर फोटोंसाठी बनलेलं होतं आणि त्यात मी चित्रं काढत होते, हे मला क्रितावर आल्यावर कळलं. या एका कामापुरतं बोलायचं तर मी फुकटातलं म्हणून तडजोड केलेली नाही, वरच्या वर्गात आले आहे. तक्रार एकच: फार मोठ्या चित्रात, तीस-चाळीस थर झाले की ८ जीबी रॅमला धाप लागते. आणि अक्षरं क्रितामध्ये घालत बसू नका. चित्र तिथे, अक्षर दुसरीकडे.

अक्षरांसाठी इंकस्केप. पुस्तकांची नावं मी त्यात रेखाटते. जोडाक्षरं तुटत नाहीत, मजकुराचा आकार करून प्रत्येक वेलांटी हवी तशी ओढता येते. त्याची फाइल एसव्हीजी असते, आणि एसव्हीजी म्हणजे चक्क वाचता येणारा मजकूर. कुतूहल म्हणून मी एक फाइल साध्या नोंदवहीसारख्या एडिटरमध्ये उघडली तर माझ्या आकारांची नावं, रंगांचे आकडे, सगळं समोर. क्रिताची फाइलही आतून झिपच असते, उघडली की पूर्ण चित्राची एक पीएनजी त्यात मिळते. किल्लीचं मघाशी म्हटलं ना, ती या बाबतीत माझ्याकडे परत आली.

फोटो आणि स्कॅन दुरुस्त करायच्या गिंपबद्दल माझं मत तितकं गोड नाही. १९९६ पासून ते लोकांच्या हातात आहे, ताकद प्रचंड आहे, पण सवयी विक्षिप्त. एक साधं पोकळ वर्तुळ काढायचं तर आधी गोल निवड करा, मग तिच्या कडेवर रेघ ओढा. ‘सेव्ह’ म्हटलं की फक्त त्याच्या स्वतःच्या स्वरूपात जतन होणार, जेपीजी हवी तर ‘एक्सपोर्ट’ म्हणा. हे मला सहा महिने चुकत होतं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत एक मोठी गोष्ट सुधारली: थरावर लावलेला परिणाम आता नंतर बदलता किंवा काढता येतो. पूर्वी एकदा लावला की लावला. मिंट २२ च्या भांडारात मात्र मला जुनीच आवृत्ती मिळाली. नवी हवी तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅक, म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतंत्र गठ्ठा, हा पर्याय निवडावा लागतो. फ्लॅटपॅक जागा जास्त खातो आणि कधीकधी बाहेरची डिस्क त्याला दिसत नाही. फ्लॅटसील नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून परवानगी द्यावी लागते. स्कॅन साफ करणं, डाग काढणं, उजळवणं, एवढ्यासाठी मी गिंप वापरते आणि पटकन बाहेर पडते.

आता छापखाना.

चित्रं आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काढली, नाव इंकस्केपमध्ये केलं, गोष्टीचा मजकूरही हौसेने इंकस्केपमध्येच मांडला आणि १६ पानांची पीडीएफ पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी प्रेसमधून फोन.

“ताई, फाइल उघडली. पण तुमचा काळा चार रंगांत आलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे अक्षरं धूसर येतील. बघा तुम्ही, मी तसंच लावू का?”

त्यांनी तसंच लावलं नाही हे माझं नशीब. गोष्ट अशी आहे की इंकस्केपमधून निघणारी पीडीएफ आरजीबी असते, छपाईच्या चार शाईंची सीएमवायके नाही. आरजीबीतला काळा छपाईच्या चार रंगांत बदलला की तो नुसता काळा राहत नाही, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शाईंत वाटला जातो. मोठ्या चित्रात ते चालतं, उलट काळा भरदार दिसतो. पण बारा पॉइंटाच्या अक्षरात चार प्लेटा केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली सुटते. अनुस्वार तर विरघळूनच जातो. मजकुराचा काळा हा एकट्या काळ्या शाईचा, शंभर टक्के, एवढाच हवा.

उपाय स्क्रायबस, पुस्तकाची पानं लावण्याचं सॉफ्टवेअर. ते दिसायला रुक्ष आहे, तक्ते करायला तर वैताग आणतं, पण छपाईची भाषा त्याला येते. सीएमवायके, स्वतंत्र शाई, कापणीच्या खुणा, कडेबाहेरचा रंग, छपाईसाठीची पीडीएफ एक्स, सगळं आहे. जुन्या १.४ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं फुटायची, म्हणून कुणी ‘स्क्रायबसला मराठी येत नाही’ असं सांगितलं तर ते त्या काळचं आहे. २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये ती व्यवस्थित लागतात. आता माझी वाट ठरली आहे. चित्र क्रितामध्ये आरजीबीतच रंगवते. मधूनमधून कंट्रोल आणि वाय दाबून छपाईत ते कसं दिसेल ते बघते. झगमगता मोरपंखी तिथे हमखास मलूल होतो, आणि तो छापून आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. शेवटी प्रेसने दिलेल्या रंगांच्या प्रोफाइलवर सीएमवायके करून टिफ काढते. इंकस्केपमधलं नाव स्क्रायबसमध्ये आणते आणि ‘रंग बदला’ या आज्ञेने त्यातला आरजीबी काळा एका फटक्यात निव्वळ काळा करते. मजकूर पूर्ण स्क्रायबसमध्येच. पीडीएफ काढण्याआधी ते स्वतः तपासणी करतं: चौकटीबाहेर वाहिलेला मजकूर, कमी रिझोल्यूशनचं चित्र, सगळं दाखवतं. दुसरी फाइल प्रेसने मुकाट घेतली.

पण हे शिकायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातला एक आठवडा मुदतीच्या आत होता. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सगळी साखळी एकाच छताखाली असते. इथे तीन घरं आहेत आणि सामान तुम्हालाच इकडून तिकडे न्यायचं. शिवाय दुसऱ्या कुणी लावलेलं पुस्तक त्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलीत आलं तर स्क्रायबस ते उघडत नाही. आयडीएमएल या देवघेवीच्या स्वरूपात करून मागवावं लागतं आणि तरी मांडणी थोडी सांडतेच. तुम्ही एखाद्या मोठ्या गटात काम करत असाल, रोज अशा फाइली फिरत असतील, तर मी तुम्हाला आजच सगळं बदला असं म्हणणार नाही. तुमचं काम कुठे संपतं ते आधी बघा. पडद्यावर संपत असेल तर बेलाशक या. कागदावर संपत असेल तर पहिलं पुस्तक मुदत नसलेलं निवडा.

ध्वनिमुद्रणाला ऑडॅसिटी. पंख्याची घरघर दोन सेकंद नमुना म्हणून दाखवली की ती सगळीकडून उपसून काढतं. पूर्वी विंडोजवरही मी तेच वापरत होते, त्यामुळे स्थलांतराचा त्रास शून्य. खरं तर हीच युक्ती मी सगळ्यांना सांगते: क्रिता, इंकस्केप, स्क्रायबस, लिब्रेऑफिस, सगळी विंडोजवरही चालतात. आधी तिथेच दोन महिने वापरा, मग खालची जमीन बदला. मी उलटं केलं आणि एकाच वेळी दोन्ही शिकत बसले. व्हिडिओला केडेनलाइव्ह ठीक आहे. जुन्या लॅपटॉपवर प्रॉक्सी क्लिपचा, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रतीचा, पर्याय लावा, नाहीतर चित्र अडखळतं.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करवायची जागा. त्या काळ्या पडद्याची भीती मलाही होती. मिंटमध्ये रोजच्या वापरात तो उघडावाच लागत नाही, पण मोह होतो. भाच्याने ३४० स्कॅन एका ओळीत लहान करून दाखवले, इमेजमॅजिकची मॉग्रिफाय आज्ञा, चहा होण्याच्या आत काम खलास. त्याच्या माघारी मी तीच ओळ दुसऱ्या फोल्डरवर चालवली. ती आज्ञा मूळ फाइलींवरच लिहिते, वेगळी प्रत करत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. छपाईचे मोठे स्कॅन सगळे बोटभर झाले. बाहेरच्या डिस्कवर प्रती होत्या म्हणून वाचले.

“मावशी, वेगळा फोल्डर द्यायचा असतो गं त्याला.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

सिस्टीम बिघडली तर मिंटमध्ये तिची आधीची अवस्था जपून ठेवणारं टाइमशिफ्ट आहे. कुठून तरी उतरवून घेतलेल्या आज्ञेने एकदा खालची पट्टीच नाहीशी झाली, तेव्हा आदल्या दिवशीच्या अवस्थेत परत जायला मला सात-आठ मिनिटं लागली. पण त्यात मुळात सिस्टीमच्या फाइली असतात, तुमची चित्रं नसतात. त्यांच्या प्रती तुम्हीच ठेवायच्या.

पैशाचं राहिलं. हे सगळं फुकट मिळतं, पण फुकट होत नाही. २००२ मध्ये ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत १,००,००० युरो गोळा करून त्याचा कोड मोकळा करून घेतला. मी ब्लेंडर वापरत नाही, पण ही हकिगत वाचल्यावर जुन्या भाड्याचा एक हिस्सा दरमहा क्रिताच्या निधीत टाकायला लागले. कार्ड पुन्हा बदललं, हप्ता पुन्हा चुकला. क्रिता उघडलं, कालचं चित्र होतं तिथेच होतं. हप्ता मी चार दिवसांनी भरला.